जुन्या फोरबायफोरचं स्टिअरिंग: बॉक्स खोलायच्या आधी

ऊस, खोडवा, पाण्याची पाळी सोडून आज जरा लोखंडाची नोंद. मागच्या पावसाळ्यापासून बरेच जण एकच विचारतात, जुन्या फोरबायफोर जीपला पॉवर स्टिअरिंग बसतंय का आणि कुठल्या गाडीचा बॉक्स टाकायचा. बसतंय. बॉक्सही मिळतोय, भंगार बाजारात पैसे टाकले की संध्याकाळी घरी. पण बॉक्स ही त्या कामातली सगळ्यात सोपी वस्तू आहे. हातापासून चाकापर्यंत मधे जे काय आहे, त्याबद्दल कुणीच विचारत नाही. म्हणून एवढं लांबड.

आमच्याकडे विषय निघाला तो आबांच्या खांद्यामुळं. आबांना शुगर आहे, आणि शुगरवाल्यांचा खांदा आखडतो हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आम्हाला कळलं. उजवा हात कानाच्या वर जाईना. जेवताना, आंघोळीला चालत होतं, पण जीपचं स्टिअरिंग जाग्यावर फिरवायचं म्हणजे डोळ्यात पाणी. आता कुणी म्हणेल, या वयात जीप कशाला चालवायची? आमचं रान दोन ठिकाणी. घराजवळचं माळाचं, मुरमाड. दुसरं खाली नीरा डाव्या कालव्याच्या चारीवर, लासुर्ण्याच्या बाजूला, काळं कुळकुळीत. लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची. जून ते ऑक्टोबर त्या पाणंदीनं मोटारसायकल जात नाही, साधी कार तर पहिल्या वळणालाच बसते. जीप म्हणजे आबांचे पाय. जीप बंद म्हणजे आबा ओट्यावर, आणि ओट्यावर बसलेला माणूस किती दिवसात म्हातारा होतो हे आपण सगळ्यांनी घरोघरी पाहिलंय.

भावाचं मत सरळ होतं. पॉवर स्टिअरिंग टाकू, विषय संपला. मी म्हणलं, आधी बघू तरी जड कशामुळं आहे.

जीप आहे सीजे-३बी घडणीची, उंच बॉनेटवाली. महिंद्राने १९४५ मध्ये कंपनी काढली आणि ते दशक संपायच्या आत मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या. ही त्याच घराण्यातली. मूळ पेट्रोल इंजिन, पण आमच्या आधीच्या मालकाने डिझेल बसवून आरसीला नोंद करून घेतलेली. इथंच पहिला धागा सापडतो. डिझेल इंजिन म्हणजे बिडाचा मोठा ठोकळा, पेट्रोलपेक्षा चांगलाच जड, आणि ते सगळं वजन पुढच्या ॲक्सलवर. वरून त्याच मालकाने हौसेनं रुंद टायर आणि बाहेर निघालेल्या रिमा टाकलेल्या. जीप मुळात ६.००-१६ च्या अरुंद टायरवर चालायला बनवलेली. चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळतं ती किंगपिन. रिम जितकी बाहेर, तितकं चाक किंगपिनपासून लांब, आणि तितकं ते जागच्या जागी वळायच्या ऐवजी जमिनीवर घासत फिरतं. म्हणजे दगड एका हातानं उचलायचा तो काठीच्या टोकाला बांधून उचलल्यासारखं. दिसायला रुबाबदार, हाताला मरण.

आणि चिखलाचं म्हणाल तर आपल्या काळ्या रानात अरुंद टायर चिखल कापत खालच्या घट्ट थरापर्यंत जातं. रुंद टायर वाळूत बरं, उजनीच्या गाळपेराच्या कडेला बरं. चारीच्या पाणंदीला माझं मत अरुंदलाच. भावाचं मत वेगळं आहे, त्यानं त्याच्या पेजवर लिहावं.

आता या जुन्या जीपमध्ये हात ते चाक काय काय आहे ते एकदा मोजा. स्टिअरिंगची दांडी बॉक्समध्ये जाते. बॉक्समधून खाली ड्रॉप आर्म. ड्रॉप आर्मला पुढं जाणारी ड्रॅग लिंक, तिच्या दोन्ही टोकाला गोळे आणि स्प्रिंगा. ती जाते ॲक्सलच्या मधोमध बसवलेल्या बेलक्रँकला. बेलक्रँक म्हणजे एका पिनवर फिरणारा कोनातला हात, पुढं-मागं होणाऱ्या ढकलण्याला डावं-उजवं करणारा. त्याला दोन टाय रॉड, एक डाव्या चाकाला, एक उजव्या. टाय रॉडची चार टोकं. म्हणजे ड्रॅग लिंकचे दोन, बेलक्रँकची पिन एक, टाय रॉडचे चार, असे सात सांधे झाले. त्यानंतर दोन्ही चाकांच्या किंगपिन, वर एक बेअरिंग, खाली एक, अशी चार. प्रत्येक ठिकाणी थोडी झीज धरली तरी स्टिअरिंगला केवढा प्ले येतो ते बघा. आणि प्ले तर आहेच, वरून ग्रीस न मिळाल्यानं आवळलेलंही. जुन्या जीपमध्ये सैल आणि जाम एकाच वेळी असतं, तेच लोकांच्या ध्यानात येत नाही.

आमचे मिस्त्री, सगळे त्यांना मामाच म्हणतात, जीपखाली सरकले आणि पंधरा मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाव्हणं, बॉक्स बरा हाय. बाकीच्याला कुणी धा वर्षांत हात लावला न्हाई."

तपासायची पद्धत सांगतो, घरी करता येते. पुढचं चाक जॅकवर उचला, मागच्या चाकांना दगड लावा. चाकाला घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी हात लावून हलवा. हललं तर एकतर चाकाची बेअरिंग सैल, नाहीतर किंगपिन. कुठलं ते ओळखायला पोराला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर चाकाची बेअरिंग, तरी हललं तर किंगपिन. मग नऊ आणि तीनच्या जागी हात लावून हलवा, आणि दुसऱ्याला खाली बॅटरी घेऊन बसवा. ज्या सांध्यात गोळा हलतो आणि दांडी हलत नाही, तो गेला. शेवटी दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून एकानं स्टिअरिंग थोडं थोडं डावं-उजवं करायचं आणि दुसऱ्यानं बेलक्रँकच्या पिनवर बोट ठेवायचं. आमच्या पिनवर बोट ठेवलं तर पिन बोटाखाली नाचत होती.

जड किती आहे ते मोजायलाही साधन घरातच आहे. हुकाचा स्प्रिंगकाटा, ज्यावर आपण कापूस, मिरची तोलतो तो. स्टिअरिंगच्या कडेला दोरी बांधून, इंजिन चालू, गाडी उभी, सिमेंटच्या खळ्यावर कडेच्या रेषेत ओढायचं. आमचा काटा सोळा किलोवर गेला तेव्हा स्टिअरिंग हललं. आखडलेल्या खांद्यानं सोळा किलो, तेही हात आडवा धरून.

अजून एक, हे फुकटात सुटणारं आहे. बरेच जण रानातून डांबरीवर येतात आणि फोरबायफोरचा दांडा मागं घ्यायचाच विसरतात. या जुन्या गाड्यांत पुढचा आणि मागचा ॲक्सल ट्रान्सफर केसमध्ये सरळ जोडला जातो. वळताना पुढच्या चाकांना मागच्यापेक्षा लांबचा वळसा पडतो. चिखलात चाक थोडं घसरून हिशेब मिटवतं, कोरड्या रस्त्यावर त्याला घसरायला जागाच नसते. मग सगळी ओढाताण स्टिअरिंगमध्ये येते आणि माणूस म्हणतो, स्टिअरिंग जड झालं. दांडा टूव्हीलवर घ्या, मग बोला.

आता मूळ प्रश्न. पॉवर स्टिअरिंग म्हणजे नक्की काय बसवायचं? इथं दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत जिवावर येऊ शकते.

आपल्याला पॉवर स्टिअरिंग माहिती झालं ते ट्रॅक्टरमुळं. आजकालच्या बऱ्याच ट्रॅक्टरला स्टिअरिंगच्या दांडीखाली ऑर्बिट्रोल असतं. स्टिअरिंग फिरवलं की ते मापून तेल सोडतं, तेल पाइपातून सिलिंडरला जातं, सिलिंडर चाकं वळवतो. स्टिअरिंग आणि चाक यांच्यात लोखंडाची सलग दांडी नसते, मधे फक्त तेल. ट्रॅक्टरच्या वेगाला ते उत्तम. पण ट्रॅक्टरचं ऑर्बिट्रोल उचलून जीपला लावून देतो म्हणणारे लोक आहेत. माझ्या भावाला एकानं तसं सांगितलंही. स्वस्त पडतं, एका दिवसात होतं, एका बोटानं चाक फिरतं. आणि पाइप फुटला तर? ज्या जीपला रस्त्यावर साठ-सत्तरनं जायचंय तिच्या स्टिअरिंगला मधे नुसतं तेल नको, हे माझं ठाम मत आहे. त्यात तडजोड नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे गाड्यांचा हायड्रॉलिक बॉक्स. यात आतला स्क्रू, गोळ्या, दातेरी शाफ्ट, सगळं साध्या बॉक्ससारखंच सलग लोखंड. फक्त आतल्या पिस्टनला एका बाजूनं तेलाचा दाब मदत करतो. बेल्ट तुटला, पंप गेला, इंजिन बंद पडलं तरी स्टिअरिंग फिरतं, जड होतं पण फिरतं. गाडी रस्त्याच्या कडेला घेता येते. बदलायचंच असेल तर हे.

सहज आठवलं म्हणून सांगतो. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनिअरनं १९२०च्या दशकातच चालणारं पॉवर स्टिअरिंग बनवून दाखवलं होतं, पण बाजारात विकायच्या कारला ते आलं १९५१ मध्ये, क्रायस्लरच्या इम्पीरियलला. आणि याच क्रायस्लरच्या डॉज-फार्गो गाड्या आपल्याकडे कुणी बनवल्या? प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं, १९४४ ला निघालेली वालचंद हिराचंदांची कंपनी. तेच वालचंदशेठ, ज्यांनी आपल्या इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर ऊस लावला, कारखाना काढला, वालचंदनगर वसवलं. मोटारीचा कारखाना कुर्ल्याला गेला, आपल्याकडे साखरेची यंत्रं बनवणारा राहिला. जंक्शनवर चहा पिताना मला नेहमी वाटतं, उलटं झालं असतं तर काय झालं असतं. असो. ट्रकचे स्टिअरिंग बॉक्स मात्र आपल्या जिल्ह्यातही बनतात, शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला झेडएफ स्टिअरिंग गिअरचा कारखाना आहे.

बॉक्स मिळाला म्हणजे काय काय बदलावं लागतं, ते ऐका.

पहिली गोष्ट दिशा. बॉक्स कुठल्या गाडीतून काढला आणि त्या गाडीत ड्रॉप आर्म ॲक्सलच्या पुढं होता का मागं, हे नीट बघितलं नाही तर स्टिअरिंग डावीकडं फिरवल्यावर चाकं उजवीकडं जातात. हसू नका, होतं असं. आणि बाहेरच्या देशातून आलेले तयार सुटे भाग बघून हुरळू नका. अमेरिकेत जुन्या जीपसाठी असे बदलायचे संच पिढ्यान्‌पिढ्या विकले जातात, पण तिकडं स्टिअरिंग डाव्या हाताला. आपलं उजव्या हाताला. त्यांचं ब्रॅकेट, त्यांचा आर्म आपल्याकडे आरशातल्यासारखा उलटा लागतो.

दुसरी, जोडणीची चाल. बदल करताना बहुतेक वेळा बेलक्रँक काढून टाकतात. दोन्ही चाकं एका सलग टाय रॉडनं जोडतात आणि नव्या बॉक्सपासून ड्रॅग लिंक आडवी नेतात, आपल्याकडे उजवीकडच्या बॉक्सपासून डाव्या चाकाच्या आर्मपर्यंत. सांधे कमी होतात, हे चांगलंच. पण ती आडवी लिंक शक्य तेवढी लांब आणि टाय रॉडला समांतर बसली पाहिजे. ज्यांनी पाटे वाढवून जीप उंच केलीय, त्यांच्या लिंकला तीव्र उतार येतो. मग चाक खड्ड्यात गेलं की ॲक्सल वर-खाली होतो, लिंक ओढली जाते आणि स्टिअरिंग आपोआप फिरतं. तुम्ही सरळ धरलंय आणि गाडी बाजूला जातेय. पालखी मार्गाच्या नव्या रस्त्यावर कळणार नाही, चारीच्या पाणंदीला कळेल, आणि समोरून दोन ट्रॉल्या उसाच्या भरून ट्रॅक्टर येत असला तर फारच कळेल.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात नाजूक: आर्म आणि टेपर. टाय रॉडच्या टोकाचा गोळा ज्या भोकात बसतो ते भोक सरळ नसतं, निमुळतं असतं. प्रत्येक गाडीचा निमुळतेपणा वेगळा. एका गाडीचा गोळा दुसऱ्या गाडीच्या आर्ममध्ये नट आवळला की बसल्यासारखा दिसतो, पण आत फक्त एका कडेला टेकलेला असतो. महिना दोन महिने चालतो, मग सैल, मग खुंटाच तुटतो. लेथवाल्याकडून बरोबर टेपरच्या रिमरनं भोक करून घ्यायचं, आणि आत निळी लावून गोळा फिरवून बघायचा, सगळीकडं रंग लागला का. नट खाचांचाच पाहिजे आणि त्याला स्प्लिट पिन. पिनेच्या जागी बांधायची तार दिसली की तिथून गाडी उचला.

ड्रॉप आर्म कापून, लांब करून वेल्डिंग केलेला तर कधीच घेऊ नका. तो आर्म फोर्जिंगचा असतो, लाल लोखंड ठोकून घडवलेला. वेल्डिंगच्या उष्णतेनं शेजारचं लोखंड कडक, ठिसूळ होतं. आमच्या पलीकडच्या वस्तीवर एक जीप अशीच करून आणलेली. कुठून, त्याचं नाव नको. वेल्डिंग इतकं देखणं घासलेलं की मलाही सांगितल्याशिवाय कळलं नसतं. मागच्या दिवाळीनंतर बांधावर जीप मागं घेताना, चालायच्या वेगापेक्षाही हळू, तो आर्म खाटकन तुटला. स्टिअरिंग हातात मोकळं गरगर फिरायला लागलं. जीप बांधाला टेकून थांबली. त्याच्या आदल्या दिवशी तीच जीप त्याची बायको-पोरं घेऊन इंदापूरला बाजाराला जाऊन आली होती, त्याच रस्त्यानं, ज्यानं हंगामात रात्रंदिवस उसाच्या गाड्या भवानीनगरला जातात. तो माणूस दोन दिवस कुणाशी बोलला नाही.

चौथी गोष्ट चॅसी. हातानं तुम्ही जेवढं ढकलता त्याच्या कितीतरी पट बॉक्स ढकलतो, आणि तेवढंच उलटं चॅसीला ढकलतो. जुनी चॅसी पातळ, त्यात वीस-तीस वर्षांचा गंज. नुसती दोन भोकं पाडून बॉक्स आवळला तर काही महिन्यांत भोकापासून चीर जाते. भोकात आरपार नळी वेल्ड करून तिच्यातून बोल्ट न्यायचा म्हणजे आवळताना चॅसीचा पत्रा चेपत नाही, बाहेरून जाड पट्टी आणि समोरच्या क्रॉसमेंबरला आधार द्यायचा. बॉक्स बसल्यावर इंजिन चालू ठेवून कुणाला तरी स्टिअरिंग फिरवायला लावा आणि तुम्ही बॉक्सकडं बघा. बॉक्स स्वतः हलताना दिसला तर काम अर्धवट आहे.

पंप, पाइप यांचं थोडक्यात. पंपाची पुली इंजिनाच्या पुलीच्या एका रेषेत, नाहीतर बेल्ट उडतोच. दाबाचा पाइप कंपनीचाच. आपण डाळिंबावर फवारणी करतो तेव्हा एचटीपी पंपाचा दाब साधारण पंचवीस-तीस किलो असतो आणि तो पाइप फुटल्यावर काय होतं ते माहिती आहे. स्टिअरिंग शेवटपर्यंत फिरवून धरलं की इथं दाब त्याच्या दोन-तीनपट जातो, आणि पाइप गरम सायलेन्सरच्या शेजारून जातो. तेल लालवालं, पंपाला जे सांगितलंय तेच. आणि स्टिअरिंग शेवटाला नेऊन धरून ठेवायची सवय मोडायची, तो जो कण्हल्याचा आवाज येतो तो पंपाचा.

एवढं सगळं नीट केलं तरी एक गोष्ट राहते, आणि ती मला मामांनी सांगितली. साध्या स्टिअरिंगला सांधा सैल झाला की हाताला लागतं. खट्ट होतं, थरथरतं, ओढतं. पॉवर स्टिअरिंगमध्ये तेल ते सगळं गिळून टाकतं. हाताला लोण्यासारखं, आणि खाली गोळा निसटायच्या बेतात. "हात आंधळा होतोय," मामा म्हणाले, "मग डोळं वापराय लागत्यात." म्हणून पॉवर स्टिअरिंगवाल्यानं तर दर तेलबदलीला खाली सरकून सांधे हातानं हलवून बघायलाच पाहिजेत.

आता कागद. हे कुणाला आवडत नाही, पण वाचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की मालकाला गाडीत असा बदल करता येत नाही, ज्यानं आरसीतला तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळच्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली, कलम १८२ए आलं. परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपंग व्यक्तीसाठी बदललेल्या गाडीला कायद्यात वेगळी जागा आहे, पण त्यालाही परवानगी लागते. दंडापेक्षा मोठी भीती विम्याची. अपघातात समोरच्याचं काही झालं आणि विमा कंपनीनं न कळवलेला बदल दाखवून वाद घातला, तर दोन एकर गेले समजा. आपली एमएच-४२ ची पाटी असेल तर आरटीओत लेखी अर्ज, लेखी उत्तर, मग बोल्ट खोला. "सगळेच करतात" हे उत्तर कोर्टात चालत नाही.

आम्ही काय केलं ते सांगतो. रुंद टायर आणि रिमा उतरवून मूळ मापाच्या ६.००-१६ घातल्या. बेलक्रँकची पिन, बुश, बेअरिंग नवीन. टाय रॉडची चारही टोकं नवीन, कंपनीची, डब्यावरचा शिक्का बघून. ड्रॅग लिंकच्या स्प्रिंगा आणि गोळ्यांच्या वाट्या बदलल्या. किंगपिनची चारही बेअरिंग नवीन घालून मामांनी शिमा कमी-जास्त करून ती नेमकी आवळली. यात मामांनी दीड दिवस घातला, चहासुद्धा जीपखालीच. जुन्या बेअरिंगच्या वाटीत बोटानं लागतील असे खड्डे पडले होते, म्हणजे चाक वळताना प्रत्येक खड्ड्यात अडकत होतं. मग टो-इन लावलं, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूला किंचित आत. बॉक्समधलं जुनं, डिंकासारखं झालेलं तेल काढून नवीन भरलं. ग्रीसचे निप्पल सगळे साफ केले, दोन तर शेणामातीनं बुजून गेले होते.

त्याच खळ्यावर, त्याच काट्यानं परत ओढलं. दहा किलो. गाडी जरा सरकती ठेवून फिरवलं तर चारच्या खाली. आबांना सांगितलं, उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवायचंच नाही, आधी चाक हलू द्यायचं. ते म्हणाले, "मला शिकवतो का?" पण ऐकलं.

भावानं आणलेला बॉक्स गोठ्याच्या माळ्यावर आहे. तोंडं लाकडी बुचानं बंद करून, पोत्यात गुंडाळून. अर्ज लिहून ठेवलाय, डॉक्टरांचं खांद्याचं सर्टिफिकेट जोडून. लेखी होकार आला तर बसवू, वर लिहिलंय तसं सगळं करून. नाही आला तर बॉक्स जसा आणला तसा जाईल, थोडा तोटा होईल. तोपर्यंत खांद्याचा व्यायाम चालू आहे, भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. भिंतीवर आईनं पेन्सिलीनं रेघा मारून ठेवल्यात, पोरांची उंची मोजतात तशा. आता सगळ्यात वरची रेघ खिडकीच्या चौकटीला लागलीय.

परवा रात्री बाराची लाईट होती. आबा एकटेच गेले, खालच्या रानात बारं देऊन पहाटे आले. चहा घेताना म्हणाले, "बेलक्रँकला ग्रीस मार. उजवीकडं घेताना बारीक कुरकुरतंय." सकाळी मी जीप वस्तीवर दोन चकरा फिरवली, मला काही जाणवलं नाही. खाली सरकून बघितलं तर निप्पलला परत चिखल बसला होता.